सातव्या वर्षाची रजा आणि आमचे खाडे

प्राध्यापकाच्या रजेवर या पानांतून लिहावे की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करीत होतो. जेथे गायरानाचे, घरकुलाचे, वसतिगृहाचे आणि अत्याचाराचे प्रश्न अजून उभे आहेत, तेथे पगारदार माणसाच्या रजेचे कसले कौतुक, असे आपले कार्यकर्ते म्हणतील. त्यांचे म्हणणे मी मोडून काढणार नाही. पण एका साध्या प्रसंगाने मला लिहायला बसविले.

अकोल्याहून अमरावतीला येत होतो. बसमध्ये माझा एक जुना विद्यार्थी भेटला. एम. ए. झालेला, नेट उत्तीर्ण, पीएच. डी. पूर्ण होत आलेली. दोन गावांतील दोन महाविद्यालयांत तो घड्याळी तासांवर शिकवितो. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर त्याने हळूच विचारले, "सर, तुम्ही वर्षभराच्या रजेवर जाणार असं ऐकलं. खरं आहे का?"

मी म्हटले, "अर्ज केला आहे. मिळेल तेव्हा खरं."

"नाही म्हणजे... तुमचे तास कोणाला देतील, सर? माझा अर्ज टाकून ठेवू का?"

त्यानंतर मूर्तिजापूरपर्यंत आम्ही दोघेही गप्प होतो. माझ्या अभ्यासाचे वर्ष हे त्याच्या चुलीचे वर्ष होते. मी गेलो तर त्याला काम, मी राहिलो तर तो रिकामा. एकाच वस्तीतून आलेल्या, एकाच पुतळ्यासमोर हात जोडणाऱ्या दोन माणसांना एका रजेने असे समोरासमोर उभे केले होते. तेव्हा लक्षात आले की ही रजा खाजगी बाब नाही. तिच्यामागे एक व्यवस्था आहे आणि कोणत्याही संहितेची करावी तशी त्या व्यवस्थेची समीक्षा झाली पाहिजे.

२

प्रथम शब्द पाहू. सॅबॅटिकल हा शब्द 'शब्बाथ' या हिब्रू शब्दावरून आला. शब्बाथ म्हणजे थांबणे, विसावा. सहा दिवस काम, सातव्या दिवशी विसावा, आणि त्याच मोजणीने सहा वर्षे पेरणी, सातव्या वर्षी जमीन पड ठेवायची, असा यहुद्यांच्या धर्मग्रंथांतील दंडक आहे. पण तो दंडक तेवढाच नाही. सातव्या वर्षी पड जमिनीत आपोआप जे उगवेल ते गरिबांनी खावे, असेही तेथे सांगितले आहे. सातव्या वर्षी देणेकऱ्याचे कर्ज सोडावे आणि विकत घेतलेल्या हिब्रू गुलामाला सहा वर्षांच्या चाकरीनंतर मुक्त करावे, असेही सांगितले आहे. म्हणजे मुळात जमिनीचा विसावा, गरिबाचा घास, ऋणमुक्ती आणि दास्यमुक्ती या चार गोष्टी एकत्र बांधलेल्या होत्या.

१८८० मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने ही कल्पना प्राध्यापकांच्या रजेसाठी उचलली. पुढे ती जगभरच्या विद्यापीठांत गेली. परंतु विद्यापीठांनी चारांपैकी एकच गोष्ट उचलली, ती म्हणजे विसावा. गरिबाचा घास, कर्जाची सूट आणि गुलामाची सुटका दाराबाहेर राहिली. बसमधला माझा विद्यार्थी त्या दाराबाहेर उभा आहे.

वऱ्हाडच्या शेतकऱ्याला ही कल्पना परकी नाही. काळ्या जमिनीत वर्षानुवर्षे नुसता कापूस घेतला तर जमीन थकते, हे त्याला पुस्तकातून कळलेले नाही. कापसावर ज्वारी, ज्वारीवर तूर किंवा मूग असा फेर तो घेत आला. बेवड चांगला असेल तर पुढचे पीक चांगले, हे त्याचे शास्त्र आहे. अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झाले. त्याच्या आधी कित्येक पिढ्या हे शास्त्र बांधावर होते. पण हा बेवड जमिनीसाठी होता. त्या जमिनीत राबणाऱ्या माणसासाठी कोणी बेवड ठेवला नाही.

माझे वडील सालदार होते. गुढीपाडव्याला त्यांचे साल ठरे. सालदाराच्या सालात रजा नावाची गोष्ट नसते. असतात ते खाडे. ताप आला, खाडा. घरात बाळंतपण झाले, खाडा. मयतीला गेला, खाडा. साल संपताना मालक खाडे मोजी आणि तितके दिवस भरून द्यावे लागत. जमीन दमली तर तिला विसावा आणि माणूस दमला तर खाडा, या हिशेबात आमचा समाज पिढ्यानपिढ्या जगला. म्हणून दलित प्राध्यापक रजेचा अर्ज करतो तेव्हा त्याच्या हाताला एक कंप असतो. आपण कोणाचे तरी काम चुकवितो आहोत, कोणीतरी हे दिवस मोजून घेणार आहे, असे त्याला वाटत राहते. तो कंप मी अनुभवला आहे.

विसावा हा श्रमिकाचा हक्क आहे, हे या महाराष्ट्राला सत्यशोधक चळवळीने शिकविले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळविली. ही सुट्टी कोणी दान म्हणून दिली नव्हती, ती लढून घेतलेली होती. प्राध्यापकाची रजाही याच इतिहासाच्या ओळीत उभी करून तपासली पाहिजे. ती हक्क आहे की मेहेरबानी, हा पहिला प्रश्न आहे.

३

आता नियमाची संहिता वाचू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे सॅबॅटिकल रजा कायम, पूर्णवेळ शिक्षकाला मिळू शकते. त्याने सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक म्हणून सात वर्षे सेवा केलेली असावी लागते. एका वेळी एक वर्ष आणि सबंध नोकरीत दोन वर्षे, पूर्ण वेतनासह, अशी ही रजा आहे. आधी अभ्यास रजा घेतली असेल, तर ती संपवून परत आल्यावर पाच वर्षे थांबावे लागते.

कोणाला वाटेल, नियमात जात कोठे आहे? वाक्यात जात नाही. वर्षांच्या मोजणीत ती आहे. हिशेब करून पाहू. पीएच. डी. असलेला सहायक प्राध्यापक चार वर्षांनी पहिली पायरी चढतो, मग पाच वर्षांनी दुसरी, मग तीन वर्षांनी सहयोगी प्राध्यापक होतो. सर्व काही वेळेवर झाले, एकही फाईल अडली नाही, तर बारा वर्षे. त्यावर सात. म्हणजे कायम नेमणुकीपासून एकोणीस वर्षांनी तो या रजेचा अर्ज करू शकतो. ज्याच्या घरात आधी दोन पिढ्या शिकलेल्या आहेत आणि जो सव्विसाव्या वर्षी कायम झाला, त्याला ही रजा पंचेचाळिसाव्या वर्षी दिसते. ज्याने शिक्षणात मध्ये दोन वर्षे रोजंदारी केली, दहा वर्षे तासांवर काढली आणि अडतिसाव्या वर्षी कायम झाला, त्याला ती सत्तावन्नाव्या वर्षी दिसते. निवृत्ती साठीला. नियम दोघांनाही एकच आहे, आणि विषमता नेमकी तेथेच आहे.

संहितेतले दुसरे स्थळ क्रियापदाचे आहे. रजा 'दिली जाईल' असे नियम म्हणत नाही, 'देता येईल' असे म्हणतो. या दोन क्रियापदांमध्ये संस्थाचालकाची खोली आहे. त्या खोलीत कोण बसून बोलतो आणि कोण उभा राहून बोलतो, हे वऱ्हाडातील शिक्षकांना सांगण्याची गरज नाही.

तिसरे स्थळ अभ्यास रजेचे आहे. सहायक प्राध्यापकाला किमान तीन वर्षांच्या सेवेनंतर अभ्यास रजा मिळू शकते. नव्या माणसाला तीच खरी उपयोगाची. पण तिच्यासाठी बंधपत्र लिहून द्यावे लागते: परत येऊन किमान तीन वर्षे सेवा करीन. त्या बंधपत्राला तारण लागते. स्थावर मालमत्तेचे तारण, विमा कंपनीचे किंवा बँकेचे हमीपत्र, नाहीतर दोन कायम शिक्षकांची जामीनकी. भूमिहीनाच्या मुलाने कोणती स्थावर मालमत्ता दाखवावी? फ्रेझरपुऱ्यातले दोन खोल्यांचे घर, ज्याचा कागद अजून आजोबांच्या नावावर आहे? उरते जामीनकी. ज्या महाविद्यालयात आपण एकटेच आहोत तेथे जामीन कोण राहणार? सावकाराच्या दारात बापाला जामीन शोधावा लागला, विद्येच्या दारात मुलालाही तो शोधावा लागतो.

चौथे स्थळ सर्वांत महत्त्वाचे. ही रजा कशासाठी? तर शिक्षकाचे प्रावीण्य आणि विद्यापीठाला व उच्च शिक्षणाला असलेली त्याची उपयुक्तता वाढावी, केवळ एवढ्यासाठी. या वाक्यात समाज नाही. ज्या शेतकऱ्या-मजुरांच्या करातून विद्यापीठ चालते त्यांच्या उपयोगाचा उल्लेख नाही. व्यावसायिक विकास हा शब्द येथे फार अपुरा ठरतो. विकास कोणाचा, याचे उत्तर देताना नियम विद्यापीठाच्या कुंपणाशी थांबतो.

४

कुंपणापलीकडे गेलेल्या रजा आपल्या इतिहासात आहेत, आणि त्यांनी काय घडविले तेही आपल्याला ठाऊक आहे.

बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. ९ मे १९१६ रोजी तेथील मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरील आपला निबंध वाचला. पुढे लंडनचा अभ्यास अर्धा ठेवून १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले, कारण शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. बडोद्याच्या नोकरीत राहायला जागासुद्धा मिळाली नाही. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. जानेवारी १९२० मध्ये 'मूकनायक' निघाले आणि मार्च १९२० मध्ये त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज, एवढ्यावर ते लंडनला गेले आणि १९२३ मध्ये परतले; त्याच वर्षी ते डी. एस्सी. झाले. आपल्या चळवळीतील सर्वांत फलदायी अभ्यासकाल कोणत्याही रजेच्या नियमात बसला नाही. तो राजीनामा देऊन, कर्ज काढून मिळविलेला होता.

दुसरे उदाहरण या नियतकालिकांच्या जन्माशी जोडलेले आहे. डॉ. म. ना. वानखडे साठच्या दशकात अमेरिकेत उच्च शिक्षणासाठी गेले. तेथे त्यांनी काळ्या माणसांचे साहित्य जवळून पाहिले. परत येऊन ते औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात आले आणि आपल्या लेखकांसमोर त्यांनी तो अनुभव ठेवला. १९६७ मध्ये तेथून 'अस्मिता' निघाले, तेच पुढे गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली 'अस्मितादर्श' झाले. एक शिक्षक काही काळ बाहेर जाऊन वाचतो, पाहतो, तुलना करतो आणि परत येऊन ते ज्ञान स्वतःच्या पदोन्नतीत न गाडता समाजात पेरतो, तेव्हा काय उगवते याचा हा पुरावा आहे. दलित साहित्याच्या प्रेरणांची चर्चा करताना आपण या मोकळ्या मिळालेल्या काळाचा विचार फारसा केला नाही. वेदना आणि विद्रोह आपल्याजवळ होतेच. त्यांना जगाशी जोडून पाहायला लागतो तो वेळ, आणि वेळ ही आपल्या समाजाजवळ सर्वांत दुर्मिळ गोष्ट होती.

वऱ्हाडातही उदाहरण आहे. पापळच्या शेतकऱ्याचा मुलगा पंजाबराव देशमुख विलायतेला शिकला, आणि परत येऊन १९२७ च्या अमरावतीच्या अंबादेवी मंदिर सत्याग्रहात अस्पृश्यांच्या बाजूने उभा राहिला. १९३२ मध्ये त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. बहुजनांची पोरे तिच्यातून शिकली. त्यांच्या वाटेची मर्यादा दाखविता येईल, पण शिकून आलेल्या माणसाने काय करावे हे त्यांनी दाखविले, ते नाकारता येणार नाही.

आता याच्या शेजारी आजची स्थिती ठेवू. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची परदेश शिष्यवृत्ती आहे. २०२२ मध्ये तिचे नियम बदलले आणि भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय त्यातून वगळले गेले. म्हणजे १९१६ चा तो निबंध लिहायला निघालेला विद्यार्थी २०२२ च्या नियमाने अपात्र ठरतो. अभियांत्रिकी शिका, व्यवस्थापन शिका, पण स्वतःच्या समाजाकडे शास्त्रज्ञाच्या नजरेने पाहायला बाहेर जाऊ नका, असा त्याचा अर्थ होतो. मोकळा वेळ द्यायचा आणि त्या वेळात काय विचार करायचा ते आधीच ठरवून टाकायचे, याला मी रजा म्हणणार नाही.

५

सत्तरच्या दशकापासून आयोगाची एक योजना होती. महाविद्यालयीन शिक्षक वेतन सुरू ठेवून एम. फिल., पीएच. डी. करायला जाई आणि त्याच्या जागी येणाऱ्या बदली शिक्षकाच्या वेतनाची तरतूद योजनेतच असे. आमच्याकडे तिला नुसते 'एफआयपी' म्हणत. अमरावती विद्यापीठ १९८३ मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळे झाले. त्याच्या पाच जिल्ह्यांतील कितीतरी पहिल्या पिढीचे प्राध्यापक या योजनेने डॉक्टर झाले. तिच्यातील खरे मर्म बदली शिक्षकाच्या वेतनात होते. एकाचा अभ्यास दुसऱ्याच्या उपासावर उभा नव्हता. पंचवार्षिक योजना २०१७ मध्ये संपल्या आणि त्यांच्याबरोबर ही खिडकीही मिटल्यासारखी झाली. त्याच वर्षी राज्य शासनाने नोकरभरतीवर निर्बंध घातले. रिकाम्या जागा तासांवर भरण्याची रीत पक्की झाली.

आता उरले ते उद्बोधन आणि उजळणीचे वर्ग. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर ते सुरू झाले. त्यांतून काही चांगले घडले हे मान्य करूनही म्हणावे लागते की काही आठवड्यांची हजेरी आणि शेवटी प्रमाणपत्र म्हणजे अभ्यास नव्हे. पदोन्नतीच्या फाईलला ते प्रमाणपत्र लागते म्हणून माणसे जातात. आणि तासांवरचा शिक्षक? शिकविले तेवढ्या तासांचे पैसे. उन्हाळ्यात नाही, दिवाळीत नाही. त्याच्या नावावर रजाच नाही. विद्यापीठाच्या छपराखाली आपण पुन्हा एक सालदार निर्माण केला आहे, आणि त्याचेही खाडे मोजले जातात. आपल्या शिक्षिका भगिनींची स्थिती तर आणखी बिकट. त्यांच्या वाट्याला रजा आली तरी घरातील आजारपण आणि मुलांच्या परीक्षा ती आधीच वाटून घेतात.

६

हे सर्व सांगून झाल्यावर स्वतःकडे पाहिले पाहिजे. नाहीतर ही समीक्षा अर्धी राहील.

१८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी जे दुःख व्यक्त केले, ते आपल्याविषयी होते. आपल्यापैकी ज्यांना अशी वर्षे मिळाली त्यांनी त्यांचे काय केले? कोणी घर बांधून घेतले. कोणी प्रबंध लिहिला आणि तो कपाटात ठेवला. वस्तीतील वाचनालयात त्याची एक प्रतही गेली नाही. मी स्वतः अभ्यास रजेवर असताना दोन वर्षे आपल्या वस्तीतल्या पोरांच्या एकाही सभेला गेलो नाही, कारण मला "वेळ नव्हता". ज्याला समाजाने वेळ मिळवून दिला तोच समाजाला वेळ नाही म्हणतो, हे मी केले आहे. म्हणून दुसऱ्यांवर बोट ठेवताना माझे बोट थरथरते.

आणि काम तर समोर पडले आहे. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी बाबासाहेब अमरावतीच्या परिषदेला अध्यक्ष म्हणून आले. त्या परिषदेला गावोगावहून चालत आलेल्या माणसांची नावे कोणती? अंबादेवीच्या सत्याग्रहात उभ्या राहिलेल्या बायका कोण होत्या? बाबासाहेबांशी मतभेद असलेल्या गणेश आकाजी गवई यांच्या राजकारणाचे, १९३२ च्या मुंजे-राजा करारातील त्यांच्या भूमिकेचे, आज शांतपणे मूल्यमापन कसे करावे? अकोट फैलातल्या, जिनिंग-प्रेसिंगमधल्या मजुरांनी धर्मांतराच्या वर्षी काय सोडले आणि काय धरून ठेवले? जात्यावर भीमाची गाणी रचणाऱ्या म्हाताऱ्या एकेक करून जात आहेत. हे काम रविवारच्या रविवारी होत नाही. त्याला गावी मुक्काम लागतो, दप्तरे धुंडाळावी लागतात, ऐकत बसावे लागते. रजा हवी ती यासाठी.

म्हणून माझ्या मागण्या थोड्या आणि स्पष्ट आहेत. रजेचा क्रम बिंदुनामावलीसारखा फलकावर लावावा. तो संस्थाचालकाच्या मर्जीवर असू नये. तासांवर काढलेली वर्षे सेवेत धरावीत. पहिल्या पिढीच्या शिक्षकाला नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतच अभ्यास रजा मिळावी आणि तारणाची अट त्याच्यासाठी काढावी. त्याने परत येण्याचे दिलेले वचन पुरेसे मानावे. रजेच्या जागेवर येणाऱ्यास पूर्ण वेतन मिळावे. विषयावर बंधन नसावे. आणि शेवटची मागणी आपल्याच माणसांकडे आहे: रजेवरून परतलेल्या प्रत्येकाने विद्यापीठाला अहवाल देण्याआधी वस्तीतल्या सभेत, मराठीत, आपल्या वर्षाचा हिशेब द्यावा.

माझा अर्ज अजून निकाली निघालेला नाही. बडनेऱ्याला उतरताना मी त्या विद्यार्थ्याला म्हटले, "अर्ज टाक. पण पूर्ण पगाराची मागणी लिहून टाक, आणि खाली माझी सही घे."

तो म्हणाला, "सर, त्यानं मला तासही मिळणार नाहीत."

त्याचे म्हणणे खरे असू शकते. म्हणूनच ही मागणी त्याच्या एकट्याच्या अर्जावर राहता कामा नये. ज्यांना कोणी काढू शकत नाही अशा आपण कायम नोकरीतल्या माणसांनी आधी सह्या केल्या पाहिजेत. माझी सही मी केली आहे.